‘जेवलो की’मधला ‘की’: कोल्हापुरी बोलणं अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित कसं करावं, कागदावर कसं उतरवावं

कोल्हापुरात कुणाच्याही दारात उभं राहिलं की ‘या की’, ‘बसा की’, ‘च्या घ्या की’ सुरू होतं. ‘जेवलास काय?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘जेवलो की.’ ‘मला सांगितलं नाहीस’ म्हटलं तर, ‘सांगितलो की!’ शाळेच्या व्याकरणात ‘की’ची दोनच कामं शिकवतात. एक ‘तो म्हणाला की’मधला, वाक्यं जोडणारा. दुसरा ‘चहा की कॉफी’मधला, पर्याय पुढं ठेवणारा. वाक्याच्या शेपटीला बसणारा हा तिसरा ‘की’ इतरत्रही ऐकू येतो, पण पुण्यामुंबईचा माणूस ‘ये ना’ म्हणेल अशा कितीतरी जागा कोल्हापुरी माणूस ‘की’नं भरतो. लघुप्रबंधासाठी किंवा शोधनिबंधासाठी इतका हाताशी असलेला विषय दुसरा मिळणं अवघड. खाली दिलेली पद्धत ‘मर्दा’, ‘व्हय’, ‘गड्या’, ‘आयला’ अशा शब्दांनाही लागू पडते.

पहिली गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याला थेट विचारून काही हाती लागत नाही. ‘तुम्ही वाक्याच्या शेवटी की का लावता?’ या प्रश्नाला ‘तसंच बोलतात की’ एवढंच उत्तर मिळतं. प्रश्नावलीतून तर त्याहून कमी मिळतं, कारण छापील कागद समोर आला की माणूस शाळेतली मराठी लिहितो. आपलं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. ते आपणच ध्वनिमुद्रित करून, पुनःपुन्हा ऐकून, उतरवून घ्यायला लागतं.

प्रश्न लहान ठेवा

‘कोल्हापुरी बोलीचा सांस्कृतिक अभ्यास’ असं शीर्षक नोंदणीच्या अर्जावर भारदस्त दिसतं, पण दोन वर्षांनी तेच गळ्यात येतं. त्याऐवजी असा प्रश्न घ्या: हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला नुसतं ‘जेवलो’ आणि ‘जेवलो की’ अशी दोन उत्तरं मिळतात, तर त्या दोन जागांत फरक काय? आमचा अंदाज असा की ‘की’ लावणारा माणूस ‘हे विचारायची गरज नव्हती, तुला ठाऊक असायला हवं’ असं सुचवतो. पण हा अंदाजच आहे. तो पुराव्यावर टिकतो का, तेच तुम्हाला तपासायचं आहे.

‘कन्नडचा प्रभाव’ या उत्तरापासून सुरुवात करू नका. सीमेवर राहणाऱ्यांना ते आधीच पाठ असतं. दोन भाषांच्या संपर्काचा पुरावा कसा दिसतो, हे पाहायला कुपवाडचा अभ्यास वाचा. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरं शेजारीशेजारी नांदत होती. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं की तिथं शब्द ज्याच्या त्याच्या भाषेचे राहिले, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एक झाली. कोल्हापुरी ‘कराय लागलाय’, आखडून ‘करायलाय’, याला उत्तर कर्नाटकातल्या ‘माडाक हत्त्यान’चा जोड दाखवता येतो, कारण तिथल्या ‘हत्तु’चा अर्थही चिकटणं, लागणं असाच आहे. तिथं रूप आणि काम दोन्ही जुळतात. ‘की’बद्दल असं म्हणायचं असेल तर निपाणी-चिकोडीकडच्या कन्नड संभाषणाचं ध्वनिमुद्रणही तुमच्याकडे हवं. ते नसेल तर तो मुद्दा प्रबंधात आणूच नका.

कुठं बसायचं, कुणाबरोबर

जिल्ह्यात तालुके १२ आहेत आणि बोलणं एक नाही. चंदगडचं बोलणं करवीरसारखं नाही. शिरोळ-हातकणंगल्याचं गगनबावड्यासारखं नाही. इचलकरंजीत तर यंत्रमागामुळं चार मुलखांची माणसं एकत्र आली आहेत. म्हणून एक पट्टा निवडा, समजा शहरातल्या शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ, आणि शीर्षकातही तेवढंच लिहा.

जागा निवडताना नवे अभ्यासक हमखास चुकतात. त्यांना गंगावेशीचा दूध कट्टा, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे किंवा चालू गुऱ्हाळ हवं असतं. चित्र सुंदर मिळतं, आवाज हाती लागत नाही. कट्ट्यावर मोटारसायकली, सौद्यात एकाच वेळी दहाजण, गुऱ्हाळात चरकाचं इंजिन. इंजिनाची घरघर सलग असते आणि वाक्याच्या शेवटी हळू पडणारा ‘की’ नेमका त्याखाली बुडतो. गुऱ्हाळच घ्यायचं असेल तर चरक बंद असताना, काहिलीपासून दूर बसलेल्या माणसांचं घ्या.

सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण घरात होतं. रात्रीची जेवणं झाल्यावर, बायकांच्या भिशीत, भाजी निवडताना, तालमीच्या कट्ट्यावर व्यायाम आटोपल्यावर. दोन ते चार माणसं असावीत. पाचव्या माणसानंतर कोण बोललं हे नुसतं ऐकून ओळखणं कठीण जातं. माणसं एकमेकांच्या ओळखीची हवीत. तुमच्याशी बोलताना ती ‘हो, आम्ही जेवलो आहोत’ म्हणतील, आपापसात ‘जेवलो की’.

यालाच समाजभाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव यांनी निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं: कुणी पाहत नसताना माणसं कशी बोलतात, हे आपल्याला पाहायचं असतं. यावर साधा उपाय म्हणजे यंत्र लावून तुम्ही उठून जायचं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ताठर जातात. ती पुसू नका, फक्त खूण करून ठेवा, कारण माणसं सैलावल्यावर काय बदललं हे त्यांच्याशी ताडून पाहता येतं.

प्रत्येकाची एक नोंद ठेवा: वय, जन्मतालुका, शाळेचं माध्यम, घरात बोलली जाणारी भाषा, बाहेरगावी राहिलेली वर्षं. आणि बायकांसाठी माहेरचा तालुका. ही ओळ बहुतेक नोंदपत्रकांत नसते. इथल्या कितीतरी घरांत सून निपाणी-चिकोडीकडून आलेली असते. माहेर नोंदवलं नाही तर तिचं बोलणं तुम्ही पेठेचं म्हणून मोजता आणि सगळा हिशेब बिघडतो.

संमती

अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा. तो वाचून दाखवा, नुसता सहीला पुढं करू नका. परवानग्या तीन आणि तीनही वेगळ्या मागा: ध्वनिमुद्रण करायची, उतरवलेला मजकूर प्रबंधात छापायची, आवाज वर्गात किंवा परिषदेत ऐकवायची. तिसरीला नकार देणारा माणूस पहिल्या दोन्हींना आनंदानं होकार देतो. तिन्ही एकाच वाक्यात गुंफल्या तर तो सगळ्यालाच नाही म्हणतो. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता मुद्रणाआधी घ्या, नंतर घेतलेली चालत नाही. १८ वर्षांखालचं मूल असेल तर पालकांची सही घ्या.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. इथं जिवलगाला शिवी देऊनच हाक मारतात. बोलताना त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण छापून आल्यावर वाटतं. तेव्हा ‘शिव्याही उतरवल्या जातील, नको असेल तो भाग नंतर सांगा’ हे तोंडी सांगा आणि भाग काढून घ्यायची मुदत लिहून द्या. नावं लपवताना ध्वनीचा तुकडा कापू नका. तेवढ्याच लांबीची शांतता किंवा टूं आवाज भरा. कापलं की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात.

यंत्र

महागडं काही लागत नाही. चांगला फोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. ध्वनी वेव्ह स्वरूपात घ्या, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. एका चॅनेलला मिनिटाला सुमारे ५.८ एमबी, म्हणजे तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते. ती आधी मोकळी करा. माइक तोंडापासून दोन वितींच्या आत. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या बोलण्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. कोल्हापुरी हसणं अचानक फुटतं आणि पातळी वर ठेवलेली असेल तर तिथं ध्वनी फाटतो. फाटलेला ध्वनी पुन्हा नीट होत नाही.

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच आलेला कॉल मुद्रण तोडतो. पंखा बंद, मिक्सर आणि कुकरची वेळ टाळून. ३० सेकंद मुद्रण करून हेडफोननं ऐका आणि मगच सुरू करा. दुसरा फोन कोपऱ्यात चालू असू द्या. फाईल व्हॉट्सॲपवर ध्वनी म्हणून पाठवू नका, तिथं ती दाबली जाऊ शकते आणि मग मोजमापावर भरवसा उरत नाही. केबलनं घ्या. फाईलच्या नावात रोमन अक्षरं आणि आकडेच ठेवा: आधी तारीख, मग जागेची खूण, मग क्रमांक. माणसाचं नाव कधीच नको.

उतरवणं: खरी मेहनत इथं आहे

ढोबळ उतरवायला एका मिनिटाला सहा ते दहा मिनिटं लागतात. विराम, एकमेकांवर पडणारं बोलणं, लांबवलेले स्वर धरून उतरवायला तासही लागतो. म्हणून आधी सगळं ढोबळ उतरवा, ‘की’ आलेल्या जागा शोधा आणि प्रत्येक जागेच्या आधीचं-नंतरचं अर्धं मिनिट बारकाईनं उतरवा.

यासाठी ‘इलान’ (ELAN) ही संगणक-प्रणाली वापरा. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत ती तयार झाली, विनामूल्य मिळते आणि देवनागरी नीट घेते. प्रत्येक बोलणाऱ्याला एक पट्टी, तिच्याखाली प्रमाण मराठीची पट्टी, आणखी खाली ‘की’च्या संकेतांची, म्हणजे त्या जागी ‘की’नं काय साधलं त्याच्या खुणेची. ध्वनीची आणि इलानची फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. ध्वनी हलवला तर इलान त्याला शोधत बसते. आपोआप जतन करायची सोय पहिल्याच दिवशी ५ मिनिटांवर लावा.

खुणा संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांच्या पद्धतीच्या घेतात, पण देवनागरीत एक अडचण येते. स्वर लांबला हे दाखवायला त्या पद्धतीत दोन टिंबं वापरतात आणि आपल्याकडं ती विसर्गासारखी दिसतात. त्याऐवजी अवग्रह घ्या: ‘काऽय’, फार लांबला तर ‘काऽऽय’. बाकी खुणा तशाच ठेवा. कंसात सेकंद म्हणजे विराम, चौकोनी कंस म्हणजे बोलणं एकावर एक पडलं ती जागा. नमुन्यासाठी रचलेला हा तुकडा पाहा:

१ सु: जेवलास काय रं?
२ बं: (०.३) जेवलो की.
३ सु: कवा?
४ बं: मगाशीऽच [की
५ सु: [आन आमास्नी हाक न्हाई मारलास व्हय.
६ बं: मारलो की. तू कुटं हुतीस?

चौथी-पाचवी ओळ नीट पाहा. ‘सु’नं ‘की’ संपायची वाट पाहिली नाही. ‘मगाशीच’ला बोलणं पुरं झालं असं तिनं धरलं. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणात बोलण्याची पाळी बदलण्याचे जे नियम मांडले, त्यांत अशा संभाव्य पूर्णतेच्या जागेला मोठं महत्त्व आहे. तुमच्या मुद्रणात ‘की’वरच दुसऱ्याचं बोलणं वारंवार चढत असेल, तर ‘की’ त्या जागेच्या पलीकडं बसतो असा मुद्दा उभा राहतो. आणि चौकोनी कंस अर्धा सेकंद इकडंतिकडं झाला तर तो मुद्दाच जातो. कंस कानानं नाही, ध्वनीची लाट पडद्यावर पाहून टाका.

सहाव्या ओळीत ‘मारलो की’ आहे. उतरवून देणारा मदतनीस इथं हमखास ‘मारली की’ लिहितो. ‘मी बघितलो’, ‘मी काम केलो’ ही इथली रूपं कानाला ऐकू येतात आणि हात त्यांना शाळेच्या वळणावर नेतो. बाईच्या तोंडचं ‘मी आलो’, ‘मी जातो’ याचंही तेच होतं, मदतनीस ‘आले’, ‘जाते’ करून मोकळा होतो. ‘इकत’चं ‘विकत’, ‘व्हय’चं ‘होय’. पहिल्या पट्टीत काहीही सुधारायचं नाही, हा नियम मदतनिसाला लिहून द्या. सुधारायची हौस दुसऱ्या पट्टीत भागवता येते.

याची उलटी बाजूही आहे आणि ती जास्त लागते. कट्ट्यावरच्या माणसाचं बोलणं ‘म्हंजे’, ‘कवा’ असं उतरवायचं आणि प्राध्यापकांनी तेच ‘म्हंजे’ म्हटलं तरी ‘म्हणजे’ लिहायचं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. कागदावर एक गावंढळ दिसतो, दुसरा सुशिक्षित, आणि फरक निव्वळ उतरवणाऱ्यानं तयार केलेला असतो. मोजमाप सगळ्यांना एकच लावा. मदतनिसाला बोलणाऱ्याचं शिक्षण आधी न सांगणं हा त्यावर चांगला इलाज आहे.

टंकलेखनाचं एक दुखणं आधीच मिटवा. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मधे अदृश्य जोडखूण घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा दाखवायला नुक्ता वापरणार असाल तर नुक्तावाल्या ‘ज’चंही तसंच होतं, तो एका चिन्हाचाही असतो आणि दोन चिन्हांचाही. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा.

‘की’ नेहमी दीर्घच लिहा. उच्चार ऱ्हस्व ऐकू आला तरी इथं लेखननियम पाळा आणि लांबी ध्वनीवर मोजा. नुसत्या ‘की’चा शोध घेतला तर ‘बाकी’, ‘फाटकी’ आणि ‘म्हणाला की’ हे सगळंच अंगावर येतं. मोजणी त्यावरून नाही, संकेतांच्या पट्टीवरूनच करायची.

अर्थ लावून पाहणं

आता प्रत्येक ‘की’ला एक ओळ असलेला तक्ता करा. रकाने असे: आधी कोण काय बोललं, ‘की’ पाळीच्या शेवटी आहे की मधे, त्यानं काय साधलं (बोलावणं, उत्तर, आठवण करून देणं, आरोप परतवणं) आणि पुढच्या माणसानं काय केलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘या की’ हे आग्रहाचं बोलावणं आहे हे तुम्ही ठरवून चालत नाही, पुढच्यानं ते तसं घेतलेलं दिसलं पाहिजे. ‘जेवलो की’नंतर विचारणारा ‘आसू दे, आसंच इचारलं’ म्हणाला, तर विचारण्याची गरज नव्हती हे त्यानं मान्य केलं असं धरता येतं. तो सरळ पुढच्या विषयाला गेला तर तुमच्या अंदाजाला तिथं आधार नाही.

त्याच प्रश्नांची ‘की’ नसलेली उत्तरंही तेवढ्याच काळजीनं गोळा करा. नुसते ‘की’ गोळा करून ‘की’चं काम कळत नाही. न बसणारी उदाहरणं बाजूला सारू नका, बहुतेक वेळा तीच तुमची व्याख्या दुरुस्त करतात.

स्वर चढतो की उतरतो हे ‘प्रात’ (Praat) या ध्वनी मोजायच्या संगणक-प्रणालीत पाहा. तीही विनामूल्य आहे. स्वराची मर्यादा पुरुषांसाठी ७५ ते ३००, बायकांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. मर्यादा चुकली की रेषा अचानक दुप्पट उंचीवर उडी मारते आणि ते ‘आश्चर्य’ म्हणून प्रबंधात जातं. दोघांचा आवाज एकत्र पडलेल्या जागा मोजणीतून वगळा.

संकेत दोघांनी स्वतंत्रपणे लावावेत. पन्नासेक उदाहरणांवर दोघांचं कुठं जुळत नाही ते पाहा. ‘आठवण करून देणं’ आणि ‘आरोप परतवणं’ यांत रोज भांडण होत असेल तर त्या दोन कप्प्यांची व्याख्या कच्ची आहे. बारा उदाहरणांवरून टक्केवारी काढू नका, ‘बारापैकी नऊ’ असं लिहा.

एक सामग्री मात्र वेगळ्या पेटीत ठेवा: रील, विनोदी कार्यक्रम, टी-शर्टवरचं ‘नाद खुळा’, गाडीमागचं ‘लई भारी’. ते बोलणं नसून कोल्हापुरी असल्याची खूण आहे, बाहेरच्याला दाखवायला जाणीवपूर्वक लावलेली. शब्द गावाची ओळख कसा बनतो हा स्वतंत्र आणि फार चांगला विषय आहे. पण त्यातले ‘की’ घरातल्या ‘की’बरोबर मोजले, तर रांगड्या कोल्हापूरकराचं जे चित्र रील बनवणाऱ्यानं रंगवलं तेच तुमच्या तक्त्यातून परत निघतं.

प्रबंध देण्याआधी उतरवलेले तुकडे बोलणाऱ्यांना ऐकवा आणि दाखवा. ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, ‘इथं नुसतं जेवलो म्हटलं असतंस तर यानं काय समजलं असतं?’ असं विचारा. यावर माणसं मनापासून बोलतात, आपसांत वादही घालतात. तेही मुद्रित करा, पण वेगळ्या फाईलमध्ये, कारण हे बोलण्याबद्दलचं बोलणं आहे. कुणीतरी, बहुधा घरातली शिकलेली मुलगी, म्हणेल की हे अशुद्ध आहे, छापताना नीट करा. तिचं वाक्य तारखेसह तसंच्या तसं नोंदवा आणि पहिल्या पट्टीतलं अक्षरही बदलू नका. अगदीच आग्रह झाला तर तो तुकडा वगळून दुसरा घ्या.